रात्री रस्ता कोणाचा?

१. फाट्यावरची गर्दी

थंडीचे दिवस होते. पहाटेचा अंधार होता. दुधाची गाडी गावाच्या फाट्यावर आली आणि थांबली. डांबरी सडकेच्या कडेला काही तरी पडले होते. दूधवाल्याने खाली उतरून बॅटरी मारली. पाहतो तो बिबट्या! अंगावर काळे ठिपके. तोंडाशी रक्त. हालचाल काही नाही.

बातमीला पाय असतात. उजाडले तोवर फाट्यावर शंभरेक माणूस जमले. कोणी मोबाइलवर फोटो काढू लागले. कोणी शेपटी उचलून पाहू लागले. आबा पुढे झाले आणि म्हणाले, "एक नख काढून द्या रे. नातवाच्या गळ्यात बांधतो."

इतक्यात शाळेचे गुरुजी आले. ते म्हणाले, "आबा, हात लावू नका. मेलेले असले तरी ते सरकारी मालमत्तेत धरतात. नख काढले तर गुन्हा होतो."

हे गाव जुन्नर भागातले. या भागात धरणे झाली, कालवे आले, ऊस वाढला. ऊस दाट आणि उंच. आत पाणी, सावली आणि निवांतपणा. बिबट्याला आणखी काय हवे? तो उसात राहू लागला. बिबट्याची मादी उसातच विते. पिल्ले उसातच वाढतात. यांतल्या कितीतरी बिबट्यांनी डोंगरातले रान कधी पाहिलेलेही नसते. ऊस हेच त्यांचे घर.

थोड्या वेळाने वनरक्षक आले. त्यांनी गर्दी मागे हटवली. खाली बसून त्यांनी जनावर नीट पाहिले. मग ते हळूच म्हणाले, "मादी आहे. गाडीची धडक बसली आहे. आणि हे पाहा, हिच्या आचळांत दूध आहे."

गर्दी एकदम गप्प झाली. कडेला उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "म्हंजे हिची लेकरं हायती कुठंतरी."

२. उसातली पिल्ले

दिवसभर शोध चालला. वनखात्याची माणसे होती, गावातले चार जाणते गडीही होते. दुपारी ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईला उसाच्या पाचटातून बारीक आवाज ऐकू आला. मांजराच्या पिलासारखा. पाचट बाजूला केले तर दोन पिल्ले. डोळे उघडलेले, पण पायांत बळ नाही. एकमेकांना बिलगून बसलेली.

या भागात ऊस तोडताना अशी पिल्ले पुष्कळदा सापडतात. त्यांचे काय करायचे ते आता सर्वांना ठाऊक आहे. पिल्ले उचलून घरी न्यायची नाहीत. वनखात्याला कळवायचे. पशुवैद्य त्यांना तपासतात. संध्याकाळी ती पिल्ले एका खोक्यात घालून, जिथे सापडली तिथेच ठेवतात. माणसे लांब जातात. अंधार पडला की आई येते. पिलाला मानेशी तोंडात धरते आणि एकेक करून दुसरीकडे नेते. अशा रीतीने या मुलखात कितीतरी पिल्ले आपल्या आईला परत मिळाली आहेत.

पण या वेळी खोके ठेवून काय उपयोग? यायला आईच नव्हती.

पिल्ले जुन्नरजवळ माणिकडोह येथे नेली. तिथे बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. जखमी आणि पोरक्या बिबट्यांना तिथे ठेवतात. तिथे पिलांना दूध मिळेल, औषध मिळेल. पण शिकार कशी करावी, माणसापासून लांब कसे राहावे, हे त्यांना कोण शिकवणार? ते आईचे काम. माणसाच्या हातावर वाढलेला बिबट्या पुन्हा मोकळा सोडणे फार अवघड असते. बहुधा त्याचा जन्म पिंजऱ्यातच जातो.

एका गाडीची एक धडक. एक जीव जागीच गेला, आणि दोन जीव जन्माचे कैदी झाले.

३. संध्याकाळचा वर्ग

गावात प्रौढांचा वर्ग चालतो. जेवणे उरकून बाया-माणसे शाळेत येतात. त्या रात्री पुस्तक कोणी उघडलेच नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट.

एक बाई रागाने म्हणाल्या, "मेला तर मेला! गेल्या साली माझी शेळी नेली त्यानं. गाभण व्हती. आन् शिरूरकडं तर माणसं खाल्ली की. त्येची दया कुणाला न्हाई व्हय?"

गुरुजी लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, तुमचे दुःख खोटे नाही. 2025 साली शिरूर आणि जुन्नर भागात बिबट्याने माणसे मारली. त्यांत लहान लेकरेही होती. त्या आईबापांना 'बिबट्यावर दया करा' असे सांगायला माझी जीभ वळणार नाही. माणसाचा जीव आधी. पण मला एक सांगा, सडकेवर बिबट्या मेला म्हणून तुमची शेळी राखली जाते का?"

"ती कशी राखली जाईल?"

"नाहीच जाणार. एका बिबट्याची जागा रिकामी झाली की दुसरा येतो. कारण ऊस तोच, कुत्री तीच, उघडा गोठा तोच. शिवाय धडक बसलेला प्रत्येक बिबट्या मरतोच असे नाही. कोणाचा पाय मोडतो. लंगड्या बिबट्याला पळते सावज धरता येत नाही. मग तो सोपे सावज शोधतो. म्हणजे आपलाच धोका वाढतो. शेळी राखायची तर गोठ्याला चारी बाजूंनी जाळी आणि वरून छप्पर हवे. लेकरू राखायचे तर अंधारात त्याला एकटे धाडायचे नाही, अंगणात उघड्यावर निजायचे नाही, आणि घराभोवती उजेड ठेवायचा. रस्त्यावरच्या धडकेने यांतले एकही काम होत नाही."

बाई गप्प बसल्या. त्यांचा राग गेला नव्हता. पण त्या ऐकू लागल्या होत्या.

४. वेगाचा हिशेब

मावशींनी विचारले, "पर गुरुजी, येवढं चपळ जनावर. गाडी आलेली त्याला दिसत न्हाई?"

गुरुजी म्हणाले, "दिसते, आणि तोच घोटाळा होतो. बिबट्याचे डोळे अंधारात पाहण्यासाठी घडले आहेत. त्यांवर गाडीचा झगझगीत उजेड पडला की ते दिपतात. जनावर आहे तिथेच थबकते. तुम्ही अंधाऱ्या खोलीतून एकदम उन्हात आलात तर क्षणभर काही दिसते का? तसेच हे. आता ड्रायव्हरचे पाहू."

गुरुजींनी फळ्यावर हिशेब मांडला.

गाडी तासाला 80 किलोमीटर वेगाने चालली, तर ती एका सेकंदात 22 मीटर जाते.

गाडी तासाला 40 किलोमीटर वेगाने चालली, तर ती एका सेकंदात 11 मीटर जाते.

पुढे जनावर दिसले, की ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक ते दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते. मग ब्रेक लागतो आणि त्यानंतर काही अंतर गेल्यावर गाडी थांबते. कोरड्या सडकेवर 80 च्या वेगातली मोटार थांबायला साधारण 60 ते 70 मीटर लागतात. 40 च्या वेगातली साधारण 25 मीटरांत थांबते. भरलेला ट्रक असेल, किंवा रस्ता ओला असेल, तर याहून जास्त.

"आता पाहा," गुरुजी म्हणाले. "गाडीचा खाली पडणारा दिवा पुढे पन्नासएक मीटरपर्यंतच नीट दाखवतो. म्हणजे 80 च्या वेगातल्या ड्रायव्हरला जनावर दिसते, तेव्हा वेळ निघून गेलेली असते. मग तो ड्रायव्हर कितीही भला असो. 40 च्या वेगातला ड्रायव्हर मात्र थांबू शकतो. मेहेरबानी ब्रेकची नाही, वेगाची आहे."

ट्रॅक्टर चालवणारा एक पोरगा मागे बसला होता. त्याने तो हिशेब वहीत उतरवून घेतला. मग म्हणाला, "गुरुजी, बिबट्याच्या जागी माणूस असला तरी हिशोब ह्योच की."

"हाच," गुरुजी म्हणाले. "अगदी हाच."

५. लहान जीव मोजतो कोण?

बिबट्या मेला की गर्दी होते. वाघ मेला की वर्तमानपत्रात छापून येते. 2017 च्या डिसेंबरात नागपूर–अमरावती रस्त्यावर बाजारगावजवळ गाडीच्या धडकेने एक मोठा वाघ मेला. त्याला लोक 'बाजीराव' म्हणत. 2018 च्या नोव्हेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलात वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली सापडून मेले. या बातम्या सगळीकडे गेल्या.

पण सडकेवर रोज मरतात ते लहान जीव. साप, बेडूक, सरडे, ससे, मुंगूस, उदमांजर, घुबड. त्यांची बातमी होत नाही. चार गाड्या वरून गेल्या की ते डांबराला चिकटून जातात. कावळे येतात, आणि दुपारपर्यंत काही उरतही नाही.

ते रस्त्यावर येतात कशाला? प्रत्येकाचे कारण वेगळे.

सापाचे रक्त आपल्यासारखे कायम ऊन नसते. दिवसा तापलेली सडक रात्री उबदार राहते. त्या उबेसाठी साप सडकेवर येऊन पडतो.

पहिला पाऊस झाला की बेडूक पाण्याकडे निघतात. ओढा पलीकडे आणि बेडूक अलीकडे, तर मधली सडक ओलांडावीच लागते. एका रात्रीत शेकडो बेडूक चिरडले जातात.

ट्रकमधून धान्य सांडते. धान्याला उंदीर येतात. उंदरांना घुबड येते. ते खाली झेप घेते आणि गाडीच्या काचेवर आदळते.

घाटात लोक गाडी थांबवून माकडांना केळी, बिस्किटे देतात. पुण्य मिळेल असे त्यांना वाटते. माकडे मग रान सोडून सडकेवरच बसून राहतात. गाडी दिसली की पोटाशी पिल्लू घेऊन धावतात. पुढे काय होते ते सांगायला नको. माकडाला सडकेवर खाऊ देणे म्हणजे त्याला चाकाखाली बोलावणे.

आणि एक गोष्ट ध्यानात धरा. मेलेले कुत्रे सडकेवर पडून राहिले, तर ते खायला कोल्हा येतो, तरस येते, घार येते. तेही गाडीखाली जातात. एकातून दुसरे मरण, दुसऱ्यातून तिसरे. म्हणून मेलेले गुरू-ढोर, कुत्रे-मांजर ग्रामपंचायतीला सांगून सडकेवरून लगेच हलवावे.

या लहान जिवांचा आपल्याला काय उपयोग, असे कोणी विचारील. शेतकऱ्याने तरी विचारू नये. साप आणि घुबड शेतातले उंदीर खातात. बेडूक किडे खातो. ही फुकटची राखण आहे.

६. तात्यांची तार

बोलता बोलता गुरुजी म्हणाले, "गाडी हे एक कारण झाले. माणसापायी जनावर आणखी कशाकशाने मरते?"

कोणी म्हणाले फासा. कोणी म्हणाले विष. कोणी म्हणाले वणवा. तात्या कोपऱ्यात बसले होते. ते खाली मान घालून म्हणाले, "तार."

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

तात्या म्हणाले, "काय सांगू गुरुजी. दोन सालांमागं रानडुकरांनी माझा भुईमूग उकरून काढला. एका रातीत सगळा. कर्ज काढून पेरलं व्हतं. मंग म्या बांधावरनं तार फिरवली आन् आकडा टाकून करंट सोडला. डुकरं मरतील म्हनलं. आमची ही पहाटं पाणी धरायला गेली. मला वाटलं, ती सांजच्याला जायची हाय. दव पडलं व्हतं. तिच्या म्होरं कुत्रं चाललं व्हतं. कुत्रं तारंला लागलं आन् जागच्या जागी तडफडून मेलं. ती चार पावलं मागं व्हती. चार पावलं, गुरुजी. म्या आजवर कुणाला बोललो न्हाई."

वर्गात कोणी हू की चू केले नाही.

गुरुजी म्हणाले, "तात्या, सांगितलेत ते फार बरे केलेत. तारेला डोळे नसतात. समोर डुक्कर आहे, वाघ आहे की घरची लक्ष्मी आहे, हे तिला कळत नाही. 2017 साली चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे असेच झाले. शेतातल्या विजेच्या तारेला चिकटून 'श्रीनिवास' नावाचा वाघ मेला. अशा तारांना चिकटून माणसेही मेली आहेत. कधी शेजारी, कधी खुद्द मालक."

घरातली वीज 230 व्होल्टची असते. ती तारेतून सतत वाहते. अंग तारेला लागले की वीज अंगातून जमिनीत उतरते. स्नायू आखडतात, सुटता येत नाही. ओली जमीन आणि दव असेल तर धोका फार वाढतो.

मग पीक राखायचे कसे? सौर कुंपण हा त्यावर एक उपाय आहे. त्याचे यंत्र उन्हावर चालते. ते तारेत सतत वीज सोडत नाही. सेकंदा-सेकंदाला एक अगदी क्षणभराचा झटका सोडते. जनावराला जोराचा चटका बसतो, ते दचकून मागे पळते, पण मरत नाही. मात्र यंत्र बाजारात मिळते तेच चांगल्या प्रतीचे घ्यावे. घरच्या विजेला तार जोडून 'हेही झटकाच देते' असे म्हणू नये. सौर कुंपणासाठी सरकारी योजनेतून अनुदान मिळू शकते. वनखात्याच्या कचेरीत चौकशी करावी.

आणि नुकसान झालेच तर भरपाई मागावी. ती भीक नाही, आपला हक्क आहे. रानडुकराने पीक खाल्ले तर तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवावे. बिबट्याने शेळी, गाय मारली तर 48 तासांच्या आत कळवावे. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागचे हलवू नये. मघाच्या ताईंनी शेळी पुरून टाकली, आणि मग पंचनामा कशाचा करणार? हे वाचता येत असते, ठाऊक असते, तर त्यांना पैसे मिळाले असते.

कायदाही समजून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. बिबट्या आणि वाघ यांना त्यात सर्वांत मोठे संरक्षण आहे. त्यांना मारणाऱ्याला तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते, दंड वेगळा. आकडा टाकून वीज घेणे ही वीजचोरी. आणि त्या तारेने माणूस मेला तर खटला आणखी भारी.

७. विहीर आणि गिधाड

आबा सकाळपासून थोडे ओशाळले होते. ते म्हणाले, "विहिरीतबी पडत्यात की जनावरं."

खरे आहे. पुष्कळ विहिरींना कठडा नसतो. रात्री कुत्र्यामागे धावताना बिबट्या आत पडतो. अशा वेळी गाव गोळा होते, पोरे दगड मारतात, आरडाओरडा करतात. जनावर पोहून पोहून थकते आणि बुडते. म्हणून असे झाले तर गर्दी करू नये. वनखात्याला कळवावे. जवळ दोर आणि बाज असेल, तर बाज चारी कोपऱ्यांना बांधून पाण्यावर सोडावी. जनावर तिच्यावर बसून दम खाते. वनखात्याची माणसे पिंजरा घेऊन येईपर्यंत ते जगते. पण कठडा बांधणे हे सर्वांत उत्तम. उघड्या विहिरीत बिबट्या कधीतरी पडतो. माणसाचे लेकरू, गाय, म्हातारे माणूस नेहमीच पडते.

आबा पुढे म्हणाले, "आमच्या लहानपणी गिधाडं लई. ढोर मेलं की आभाळातनं उतरायची. आता औषधाला गिधाड न्हाई."

गुरुजी म्हणाले, "आबा, तुम्ही बोलता बोलता खरेच बोललात. ती औषधानेच मेली."

गुरांना ताप आला, सूज आली की 'डायक्लोफेनॅक' नावाचे औषध देत. गुरू मेले तर ते औषध मांसात राही. गिधाडांनी ते मांस खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. काही वर्षांत देशातली बहुतेक गिधाडे संपली. कारण कळल्यावर 2006 साली जनावरांसाठी या औषधावर सरकारने बंदी घातली. त्याच्या जागी 'मेलॉक्सिकॅम' हे औषध देता येते. त्याने गिधाडाला बाधा होत नाही. गुराला औषध देताना पशुवैद्याला एवढे विचारावे. माणसासाठी आलेले डायक्लोफेनॅक गुराला कधी टोचू नये.

पाहा, गिधाडांना कोणी दगड मारला नव्हता. कोणाच्या मनात वाईट नव्हते. तरी ती गेली. अज्ञानही जीव घेते.

८. उपाय आहे का?

ट्रॅक्टरवाला पोरगा म्हणाला, "रस्ते तर पायजेत. रस्ता न्हाई तर ऊस कारखान्याला कसा जाईल? बाळंतीण दवाखान्यात कशी जाईल?"

गुरुजी म्हणाले, "रस्ते हवेतच. पण रस्ता करताना जनावरांची वाटही ठेवता येते. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा मोठा रस्ता पेंचच्या जंगलातून जातो. तो रुंद करताना महाराष्ट्रातल्या भागात नऊ ठिकाणी रस्ता उंचावर नेला. वरून गाड्या जातात, खालून जनावरे जातात. सर्वांत लहान वाट 50 मीटर रुंद आहे, आणि सर्वांत मोठी 750 मीटर. तिथे आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. फोटोत काय आले? हरणे, सांबर, रानडुकरे, रानकुत्री, बिबटे आणि वाघही. सगळे खालून चालले आहेत. जनावराला सोयीची वाट दिली, तर ते ती वापरते. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गावरही जनावरांसाठी रस्त्याखालून आणि रस्त्यावरून वाटा केल्या आहेत."

"आपल्या फाट्यावर येवढा मोठा पूल कोण बांधनार?" मावशींनी विचारले.

"पूल नाही बांधणार. पण फाट्यापाशी ओढ्यावर मोरी आहे ना? ती गाळाने आणि काटेरी झुडपांनी बुजली आहे. ती मोकळी केली तर जनावर खालून जाईल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे गवत कापले तर ड्रायव्हरला जनावर लांबून दिसेल. वेग कमी करायला गतिरोधक आणि पाटी मागता येईल."

"मागायची कुणाकडं?"

"अर्ज करायचा."

"कोन लिहिनार अर्ज?"

गुरुजी हसले. म्हणाले, "वर्ग कशासाठी चालवला सहा महिने?"

९. अर्ज

त्या रात्री वर्ग उशिरापर्यंत चालला. एकाने एक वाक्य सांगायचे, दुसऱ्याने फळ्यावर लिहायचे. चुका झाल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या. शेवटी अर्ज तयार झाला तो असा:

मा. अभियंता साहेब यांस,

आम्ही खाली सह्या करणारे गावकरी अर्ज करतो की, आमच्या गावाच्या फाट्यावर रात्री गाड्या फार वेगाने जातात. काल पहाटे तेथे बिबट्याची मादी गाडीच्या धडकेने मेली. तिची दोन पिल्ले पोरकी झाली. याच फाट्यावरून आमची मुले शाळेत जातात. तरी

1. फाट्याच्या दोन्ही बाजूंना गतिरोधक करावेत.
2. 'वन्यप्राण्यांची वाट आहे, गाडी हळू चालवा' अशी रात्री चमकणारी पाटी लावावी.
3. ओढ्यावरची मोरी साफ करावी. गावकरी श्रमदान करतील.
4. सडकेच्या कडेचे गवत वेळोवेळी कापावे.

कळावे, ही विनंती.

आपले नम्र,
समस्त गावकरी

अर्ज मोठ्याने वाचून झाला. मग सह्या सुरू झाल्या. मावशींची पाळी आली. आजवर त्यांनी प्रत्येक कागदावर अंगठाच दिला होता. शाईची डबी शोधायला कोणी उठले, तर मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ती." त्यांनी पेन घेतले आणि सावकाश, अक्षर अक्षर जोडून आपले नाव लिहिले.

शेळी गेलेल्या ताई सर्वांत शेवटी उठल्या. म्हणाल्या, "बिबट्यासाठी न्हाई करत म्या. शाळंच्या पोरांसाठी करते." आणि त्यांनीही सही केली.

गुरुजी म्हणाले, "ताई, सही एकच असते. ती दोघांनाही लागू पडते."

दुसऱ्या दिवशी तात्या उजाडताच शेतात गेले. दोन सालांपासून बांधावर पडून असलेली तार त्यांनी गुंडाळली आणि घरी आणली. त्यांच्या मालकिणीने विचारले, "आज ही कशाला काढली?" तात्या म्हणाले, "कोंबड्यांच्या खुराड्याला कामी येईल."

वाचकहो, तुमच्या गावालाही फाटा असेल, सडक असेल, ओढा असेल. रात्री त्या सडकेवर आपलाही हक्क आहे आणि मुक्या जिवाचाही आहे. आपल्याला वाचता येते, त्याला येत नाही. म्हणून पाटी वाचून वेग कमी करायचा तो आपणच.

जखमी किंवा अडकलेले जंगली जनावर दिसले तर महाराष्ट्रात वनखात्याचा 1926 हा फोन क्रमांक लावावा. हा क्रमांक घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा.

सांगा पाहू

1. मेलेल्या बिबट्याचे नख का काढू नये?
2. उसात पिल्ले सापडली तर काय करावे?
3. गाडी तासाला 40 किलोमीटर वेगाने चालली, तर एका सेकंदात किती मीटर जाते? 80 च्या वेगाने किती?
4. घरची वीज सोडलेली तार आणि सौर कुंपण यांत फरक काय?
5. बिबट्याने शेळी मारली तर किती तासांच्या आत कळवावे? तोवर काय करू नये?
6. तुमच्या गावातल्या उघड्या विहिरी मोजा. कठडा नसलेल्या किती आहेत ते वहीत लिहा. मग ग्रामपंचायतीला अर्ज लिहा आणि खाली स्वतः सही करा.